तिसऱ्यांची स्पॅगेटी, नेपल्सच्या रीतीने

नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे २४ डिसेंबरला, नेपल्सच्या मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या रात्रीच्या जेवणात मांस वर्ज्य आणि मासळी हवीच, अशी दक्षिण इटलीतील कॅथलिक घरांची जुनी रीत आहे. त्या जेवणाचा पहिला मान पुष्कळ घरांत एकाच पदार्थाचा असतो : स्पागेत्ती आल्ले वोंगोले. वोंगोले म्हणजे कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात त्यांचे तिकडचे भाऊबंद. लांब पास्ता, शिंपल्यांसकट तिसऱ्या, लसूण, ऑलिव्ह तेल आणि पार्सली एवढाच हा पदार्थ. मसाला नाही, वाटण नाही, कांदासुद्धा नाही. झाकायला काहीच नसल्यामुळे चूकही लपत नाही. रेतीचा एक कण दाताखाली आला किंवा पास्ता दोन मिनिटे जास्त शिजला, की सगळे मुसळ केरात.

भारतातील मोठ्या शहरांत स्पॅगेटीची पाकिटे आता वाण्याकडेही मिळतात आणि तिसऱ्या मुंबईपासून मालवण-गोव्यापर्यंतच्या बाजारांत पूर्वीपासून आहेतच. त्यामुळे हा पदार्थ मराठी घरात करता येण्यासारखा आहे. मात्र पाककृतीच्या पुस्तकात चार ओळींत उरकलेली ही कृती प्रत्यक्षात तिसऱ्या निवडण्यावर, त्यांची रेती काढण्यावर आणि त्यांच्या अंगच्या पाण्यावर उभी असते. त्यातही इटलीत जे गृहीत धरलेले असते ते इकडे गृहीत धरून चालत नाही. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

आधी नावाचा एक घोळ निस्तरला पाहिजे. नेपल्समधील जुन्या वळणाची माणसे या पदार्थाला स्पॅगेटीऐवजी ‘वेर्मिचेल्ली’ वापरतात. आपल्याकडे पाकिटावर ‘व्हर्मिसेली’ असे लिहिलेले दिसले की डोळ्यांपुढे खिरीच्या शेवया येतात. नेपल्सची वेर्मिचेल्ली मात्र स्पॅगेटीहून जाड असते. चपटी लिंग्विनेही चालते. तिचे माहेर उत्तरेकडील लिगुरिया, पण नेपल्सच्या खानावळींनी तिला केव्हाच आपले म्हटले आहे. आखूड, पोकळ पास्ता मात्र या कामाचा नाही. पातळ, तेलकट रस अंगभर लेवून घेण्याचे काम लांब धागाच नीट करतो.

पांढरा की तांबडा?

या पदार्थाचे दोन पंथ आहेत. टोमॅटोविना केलेला तो ‘इन बियांको’, म्हणजे पांढरा. टोमॅटो घातलेला तो ‘इन रोस्सो’, म्हणजे तांबडा. तिसरा समन्वयवादी पंथ पाच-सहा चेरी टोमॅटो चिरडून ‘डागाळलेला’ रस करतो. टोमॅटो अमेरिका खंडातून आलेला. तो पास्त्याशी जोडला जायला बराच काळ लागला. इप्पोलितो काव्हालकान्ती या नेपल्सच्या सरदाराने आपल्या पाकशास्त्रावरील ग्रंथाच्या १८३९ च्या आवृत्तीला नेपल्सच्या बोलीत घरगुती स्वयंपाकाची पुरवणी जोडली. टोमॅटो घातलेल्या वेर्मिचेल्लीची कृती तिच्यात आढळते. तेव्हा तांबड्या पंथाला ‘आधुनिक भेसळ’ म्हणून हिणवण्यात फारसा अर्थ नाही. तरीही तिसऱ्या उत्तम मिळाल्या असतील तर पांढरा प्रकारच करावा. टोमॅटोचा आंबटपणा समुद्राच्या चवीवर कुरघोडी करतो. तिसऱ्या बेताच्याच असतील तर टोमॅटो लाज राखतो.

याच पदार्थाचे एक गरिबीतले भावंड आहे आणि त्याचे नाव मोठे गमतीचे आहे : ‘वोंगोले फुयूते’, म्हणजे ‘पळून गेलेल्या तिसऱ्या’. लसूण, तेल, टोमॅटो आणि पार्सली सगळे यथासांग. तिसऱ्या तेवढ्या नाहीत. हे नाव थोर नाटककार-अभिनेते एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्याशी जोडले जाते. पदरात पैसे नसतानाही तिसऱ्यांचा वास येतोय असे मानून जेवणाऱ्या शहराची ही विनोदबुद्धी आहे. दह्यावाचून कढी करणाऱ्या घरांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

कोणत्या तिसऱ्या?

इटलीत ‘वोंगोला वेराचे’, म्हणजे ‘अस्सल वोंगोला’, या नावाने विकली जाणारी तिसरी बहुतेक वेळा तिथली मूळची नसते. भूमध्य समुद्रातील देशी जातीचे शास्त्रीय नाव रुडिटापेस डेकुसाटस. १९८३ मध्ये व्हेनिसच्या खाजणात रुडिटापेस फिलिपिनारम ही आशियाई जात, जिला जगभर ‘मनिला’ तिसरी म्हणतात, संवर्धनासाठी सोडण्यात आली. ती इतकी झपाट्याने वाढली की देशी जात मागे पडली आणि व्हेनिसचे खाजण व पो नदीचे मुख हा युरोपातील तिसऱ्यांच्या उत्पादनाचा मोठा पट्टा बनला. म्हणजे ताटात पडणारा ‘अस्सल’ वोंगोला अनेकदा पूर्वेकडचा पाहुणा असतो. हीच जात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही मुबलक मिळते. सिएटलकडच्या मराठी कुटुंबांना या पदार्थासाठी पर्याय शोधावा लागत नाही तो त्यामुळे.

दुसरी इटालियन तिसरी म्हणजे ‘लुपिनी’. ही लहान, जाड शिंपल्याची आणि स्वस्त. शास्त्रीय नाव कामेलिया गालिना. एड्रियाटिक किनाऱ्यालगतच्या रेतीतून खास बोटी ती खरवडून काढतात. युरोपीय नियमांनुसार ही तिसरी किमान २५ मिलिमीटरची असल्याशिवाय पकडता येत नसे. २०१७ पासून इटलीच्या काही सागरी क्षेत्रांसाठी ही मर्यादा २२ मिलिमीटरवर आणली गेली. तीन मिलिमीटरसाठी ब्रुसेल्सपर्यंत वाद गेला हे ऐकून हसू येईल. पण बोटीवरच्या माणसाच्या दृष्टीने परत समुद्रात टाकायच्या आणि विकायच्या मालातला तो फरक आहे. चवीचे जाणकार लुपिनीला वेराचेपेक्षा उजवी मानतात. ती खायला मात्र चिवटपणा लागतो, माणसाच्या अंगी.

२०२३ च्या उन्हाळ्यात या साऱ्या व्यवसायावर संकट कोसळले. अटलांटिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरचा निळा खेकडा एड्रियाटिकमध्ये आधीपासून अधूनमधून दिसत असे. त्या वर्षी त्याची संख्या अफाट वाढली आणि पो नदीच्या मुखाशी गोरो व स्कार्दोवारी येथील तिसऱ्यांची शेते त्याने फस्त केली. हा खेकडा कोवळ्या तिसऱ्यांचे शिंपले सहज फोडतो, त्यामुळे पुढल्या हंगामाचे बियाणेच उरले नाही. इटालियन सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये खेकडे पकडून नष्ट करण्यासाठी २९ लाख युरोंची तरतूद केली. ‘नष्ट कशाला करता, खा की’ असा सल्लाही पुढे आला आणि निळ्या खेकड्याची स्पॅगेटी खानावळींच्या पाटीवर झळकू लागली. ज्याच्या शेतात पेरलेले सगळे संपले त्याला या पाटीचा आनंद किती झाला असेल, हा प्रश्न वेगळा.

कोकणच्या किनाऱ्यावर तिसऱ्या, शिवल्या, खुबे अशी नावे आहेत आणि ती गावागणिक थोडी सरकतात. एका बंदरावरची शिवली पुढल्या बंदरावर तिसरी होते. स्पॅगेटीसाठी पातळ शिंपल्याची, मध्यम आकाराची तिसरी सर्वांत चांगली. पाफिया मलबारिका ही पश्चिम किनाऱ्यावरची जात या कामाला अगदी योग्य आहे. केरळातील कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातील याच तिसरीच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय ‘एमएससी’ प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच. खुब्यांचा शिंपला जाड असतो आणि त्यात रेतीही अधिक. ते कालवणालाच बरे.

कोकणी स्वयंपाकघर तिसरी उघडते ते विळीवर. मांस एकाच शिंपीत ठेवून, दुसरी शिंपी टाकून, ‘एकशिपी’ करण्याची मालवणी पद्धत प्रसिद्ध आहे. विळीवर चिरताना निघणारे पाणी जाणत्या गृहिणी वाया जाऊ देत नाहीत. नेपल्समध्ये तिसरी विळीला लागत नाही, आच तिला उघडते. पण तिच्या पाण्याविषयीची आस्था दोन्हीकडे तीच. हे पाणी म्हणजेच या पदार्थाचा रस. बाकी सारे त्याला धरून ठेवण्यासाठी आहे.

जिवंत आहे की नाही, हे कसे ओळखावे?

तिसरीचे दोन शिंपले बिजागरीने जोडलेले असतात. बिजागरीतील लवचीक बंध त्यांना सतत उघडू पाहतो आणि आतले दोन स्नायू त्यांना ओढून बंद ठेवतात. जिवंत तिसरी धोका जाणवताच मिटते. मेली की स्नायू सैलावतात आणि शिंपले आपोआप फाकतात. बाजारात पाहायचे ते एवढेच. मिटलेली तिसरी घ्यावी. फाकलेली असेल तर बोटाने टिचकी मारावी, मिटली तर ठीक, नाहीतर ती टोपलीतच राहू द्यावी. फुटलेली, उग्र वास येणारी, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने फारच जड लागणारी अशी प्रत्येक तिसरी बाजूला काढावी. जड तिसरीत अनेकदा मांस नसून गच्च चिखल भरलेला असतो. अशी एकच तिसरी तव्यात उघडली तर सगळा रस नासवते. म्हणूनच नेपल्समध्ये प्रत्येक तिसरी लाकडी पाटावर वरून हलकेच टाकून पाहतात : चिखलाची असेल तर ती तिथेच उघडी पडते. किलोभर तिसऱ्यांना या कामासाठी दहा मिनिटे लागतात आणि ती वाचवण्यासारखी नाहीत.

रेती काढण्यासाठी तिसऱ्यांना समुद्रासारखे पाणी द्यावे लागते. लिटरभर पाण्यात ३० ते ३५ ग्रॅम जाडे मीठ, म्हणजे साधारण दोन सपाट मोठे चमचे. खाडीच्या तिसऱ्यांना याहून थोडे कमीही चालते. नळाच्या साध्या पाण्यात त्या मिटून बसतात किंवा मरतात, रेती सोडत नाहीत. पसरट परातीत एक चाळणी उपडी ठेवून तिच्यावर तिसऱ्या एकाच थरात पसराव्यात आणि त्या जेमतेम बुडतील इतकेच मीठपाणी घालावे. उंचावर ठेवल्याने टाकलेली रेती तळाशी जाते, पुन्हा त्यांच्या पोटात नाही. परात अंधाऱ्या, गार जागी दोन-तीन तास ठेवून मध्ये एकदा पाणी बदलावे. मुंबईच्या उन्हाळ्यात परातीखाली बर्फाचा थर हवा. थेट फ्रिजमध्ये ठेवले तर गारठ्याने त्या उघडत नाहीत आणि हेतूच फसतो. शेवटी तिसऱ्या हाताने उचलून घ्याव्यात; परात चाळणीत उपडी केली तर गाळलेली रेती पुन्हा त्यांच्याच अंगावर.

शिंपल्या पटकन उघडाव्यात म्हणून त्या काही वेळ फ्रीझरमध्ये ठेवण्याची युक्ती अनेक घरांत रूढ आहे. कालवणासाठी ती ठीक. इथे उघडण्याचे काम आच करणार असल्याने तिची गरज नाही.

शुद्धतेचा प्रश्न

तिसरी पाणी गाळून जगते. पाण्यात जे असेल ते तिच्या अंगात साठते, मग ते शैवाल असो की सांडपाण्यातले जंतू. नेपल्सने याची किंमत मोजली आहे. ऑगस्ट १९७३ च्या अखेरीस शहरात पटकीची साथ आली. कच्चे किंवा अर्धेकच्चे शिणाणे खाण्याच्या सवयीवर बोट ठेवले गेले आणि सान्ता लुचिया किनाऱ्यावरची शिणाण्यांची शेती उखडून टाकण्यात आली. अवघ्या काही दिवसांत लाखो लोकांना लस टोचली गेली, त्यात अमेरिकी नौदलाच्या सहाव्या ताफ्याचीही मदत झाली. पुढे संशयाची सुई ट्युनिशियाहून आयात केलेल्या शिणाण्यांकडे वळली. म्हणजे ज्यांची शेती उद्ध्वस्त झाली ते कदाचित दोषी नव्हतेच. पण तोवर नेपल्सच्या नावाला ‘पटकीचे शहर’ हा डाग लागला होता आणि फुटबॉलच्या मैदानात प्रतिस्पर्धी संघांचे पाठीराखे पुढे कित्येक वर्षे तो शब्द शिवीसारखा वापरत राहिले.

आज युरोपीय संघात शिंपल्यांच्या पाण्याची प्रतवारी ठरलेली आहे. मांसातील ई-कोलाय जंतूंच्या प्रमाणावरून क्षेत्रे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा वर्गांत मोडतात. ‘ए’ वर्गातला माल थेट विकता येतो, ‘बी’ वर्गातला स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत शुद्ध करून. जाळीच्या पिशवीवर मूळ ठिकाणाची चिठ्ठी असते आणि किरकोळ विक्रेत्याने पिशवी फोडल्यावर ती किमान ६० दिवस जपून ठेवावी लागते. इटालियन गृहिणी तिसरी उघडली रे उघडली की आचेवरून काढते, कारण तिच्या मागे ही सारी यंत्रणा उभी असते.

मुंबई किंवा पुण्याच्या बाजारात टोपलीवर अशी चिठ्ठी नसते. म्हणून इकडे त्या कृतीत एक बदल करावा लागतो आणि तो चवीपेक्षा महत्त्वाचा मानावा. युरोपीय नियमांतच त्याचे माप सापडते : शुद्ध न केलेल्या शिंपल्यांवर उष्णतेची प्रक्रिया करायची तर मांसाचे आतले तापमान ९० अंश सेल्सिअसला पोहोचून किमान ९० सेकंद टिकले पाहिजे. घरात हे मोजत बसणे कठीण. पण तिसऱ्या उघडल्यानंतर झाकण न काढता सणसणीत वाफेत आणखी दोन मिनिटे ठेवल्या तर त्या मापाच्या जवळ जाता येते. मांस किंचित घट्ट होते. तेवढे सोसावे. शहराच्या नाल्याजवळच्या, खाडीच्या काळ्या चिखलातल्या तिसऱ्या आणि मुसळधार पावसानंतर आलेला माल टाळावा. परातीतल्या मीठपाण्याने रेती जाते, जंतू जात नाहीत. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

एक धोका उष्णतेलाही जुमानत नाही. काही सूक्ष्म शैवालांचे विष शिंपल्यांत साठते आणि शिजवूनही टिकते. केरळातील विळिंजम येथे १९९७ मध्ये शिणाणे खाऊन अशी विषबाधा झाली आणि त्यात बळी गेले. पाण्याचा रंग बदलला आहे, मासे मरून वर आले आहेत असे किनाऱ्यावरून कळले, तर त्या आठवड्यात शिंपल्यांच्या वाटेला जाऊ नये. ओठ, जीभ बधिर होऊ लागल्यास घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. ज्यांना शिंपल्यांची अॅलर्जी आहे त्यांच्यासाठी, तसेच गरोदर स्त्रिया आणि यकृताचा आजार असलेल्यांसाठी, ‘पळून गेलेल्या तिसऱ्या’ उत्तम.

पास्ता

इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असा कायदा आहे. भारतात पाकिटाच्या मागच्या बाजूला ‘ड्युरम’ हा शब्द शोधावा. मैद्याची स्पॅगेटी या पदार्थात लगदा होते. नेपल्सच्या दक्षिणेला, लात्तारी डोंगराच्या पायथ्याशी वसलेले ग्रान्यानो हे गाव पास्त्यासाठी शतकानुशतके नावाजलेले आहे. तिथल्या पास्त्याला २०१३ पासून युरोपचे भौगोलिक मानांकन आहे. हा पास्ता कांशाच्या साच्यातून काढतात, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि रस धरतो. गुळगुळीत, पिवळाजर्द, चकाकणारा पास्ता टेफ्लॉनच्या साच्यातून निघालेला असतो. तो दिसायला देखणा, पण रस त्याच्यावरून घसरून जातो. महागडे पाकीट घेणे परवडत नसेल तर निदान फिकट आणि पिठूळ दिसणारे निवडावे.

साहित्य (चौघांसाठी) : सव्वा किलो तिसऱ्या, ३२० ग्रॅम स्पॅगेटी, लसणाच्या ३ मोठ्या पाकळ्या, १ सुकी लाल मिरची, ६ मोठे चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, अर्धी वाटी कोरडी पांढरी वाइन (ऐच्छिक), मूठभर पार्सली, मीठ फक्त पास्त्याच्या पाण्यासाठी.

कृती : रेती सोडलेल्या तिसऱ्या शिंपल्यांवर शिंपले घासून धुवाव्यात. रुंद, जाड बुडाच्या कढईत निम्मे तेल घेऊन त्यात ठेचलेला लसूण आणि मिरची मंद आचेवर ठेवावी. लसणाचा रंग बदलू लागला की थांबावे. करपलेला लसूण हा पदार्थ कडू करतो आणि त्यावर इलाज नाही. पुष्कळजण या टप्प्यावर लसूण काढूनच टाकतात. मग आच पूर्ण मोठी करून तिसऱ्या ओताव्यात, वाइन घालावी आणि लगेच घट्ट झाकण ठेवावे. वाइनशिवाय करणारी घरे नेपल्समध्येही आहेत, तेव्हा तिच्या अभावी अडून बसू नये. चार चमचे पाणी पुरते. दर मिनिटाला कढई झाकणासकट हलवावी. तीन-चार मिनिटांत बहुतेक तिसऱ्या उघडतील, त्यानंतर वर सांगितलेली दोन मिनिटे मोजावीत. ज्या मिटूनच राहिल्या त्या टाकाव्यात.

तिसऱ्या झाऱ्याने परातीत काढून झाकून ठेवाव्यात. कढईतले पाणी मलमलीच्या फडक्यातून गाळावे आणि गाळतानाही तळाचा शेवटचा चमचाभर भाग सोडून द्यावा. उरलीसुरली रेती तिथेच असते. हे पाणी चाखून पाहावे. ते किती खारट आहे यावर पास्त्याच्या पाण्यातले मीठ ठरते. एरवी लिटरला १० ग्रॅमचा हिशेब असतो, इथे निम्मे पुरे. दोन-तृतीयांश तिसऱ्यांचे मांस शिंपल्यांतून सोडवावे, उरलेल्या शिंपल्यांसकट ठेवाव्यात. सगळ्याच शिंपल्यांसकट वाढले तर ताट सुंदर दिसते, पण जेवणाऱ्याचा निम्मा वेळ खणण्यात जातो.

आता तीन लिटर पाणी उकळून स्पॅगेटी सोडावी. ती मोडू नये. टोके मऊ झाली की आपसूक आत जाते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या तीन मिनिटे आधी एक धागा तोडून पाहावा. मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे, अर्धकच्च्या भातात कणी असते तसा. दरम्यान कढईत उरलेले तेल आणि गाळलेले तिसऱ्यांचे पाणी एकत्र उकळायला ठेवलेले असावे. स्पॅगेटी चिमट्याने थेट या कढईत घ्यावी, सोबत पळीभर पास्त्याचे पाणी. ती धुऊ नये आणि निथळत ठेवू नये.

पुढची दोन-तीन मिनिटे या पदार्थाचा जीव आहेत. मोठ्या आचेवर कढई झुलवत, पास्ता उलथवत राहायचे. पास्त्यातून सुटणारे पिष्ट तेल आणि पाणी यांना एकत्र बांधते आणि पातळ पाण्याचा दुधाळ, किंचित दाट रस होतो. इटालियनमध्ये याला ‘मान्तेकारे’ म्हणतात. मालवणी कालवणावर तेलाचा तवंग ही शोभा मानली जाते. इथे तवंग दिसला तर समजावे, रस बांधला गेला नाही. तसे झाल्यास पास्त्याचे आणखी थोडे पाणी घालून जोराने हलवावे. कोरडे वाटू लागले तरी तेच औषध. पास्ता ताटात गेल्यावरही रस पीत राहतो, म्हणून कढईत तो हवा त्यापेक्षा थोडा सैलच ठेवावा. अगदी शेवटी तिसऱ्या आणि बारीक चिरलेली पार्सली घालून अर्धे मिनिट परतावे आणि आच बंद करावी. वरून चमचाभर कच्चे ऑलिव्ह तेल.

पार्सलीऐवजी कोथिंबीर घालण्याचा मोह होतो. घातली तरी पदार्थ वाईट होत नाही, पण तो दुसराच होतो. कोथिंबिरीचा वास तिसरीच्या आधी नाकात शिरतो. साय किंवा क्रीम मात्र कोणत्याही कारणाने नको. किसलेले चीज मागणाऱ्या पाहुण्याकडे नेपल्सचा वाढपी ज्या नजरेने पाहतो ती विसरणे कठीण. पण त्याच शहरात शिणाणे आणि पेकोरिनो चीज यांचा पास्ता आवडीने खातात, तेव्हा ‘मासळीवर चीज नाही’ हा नियमही अपवादाविना नाही. तिसऱ्यांची चव हळवी असल्याने तो इथे पाळावा इतकेच. लिंबू पिळायचेच असेल तर फक्त सालीचा किंचित कीस. रस पिळला की समुद्र संपून सरबत सुरू होते.

हा पदार्थ थांबत नाही. पाहुणे ताटावर बसल्यावरच स्पॅगेटी पाण्यात सोडावी, कारण तयार पास्ता पाच मिनिटांत गोळा होतो आणि पुन्हा गरम केलेली तिसरी रबर होते. उरले तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. टेबलावर मधोमध एक रिकामा वाडगा ठेवावा, शिंपल्यांसाठी. आणि रस पुसून घ्यायला पाव : तिकडे तो जाड कवचाचा असतो, इकडे बेकरीतला ताजा कडक पाव किंवा गोव्याचा उंडो हे काम चांगले करतो.